फोटो कापण्याआधी...

या आठवड्यात सवड काढून एक काम करा. घरातला जुना अल्बम, नाही तर फोटो ठेवलेली ती पत्र्याची पेटी खाली काढा आणि एकेक फोटो नीट पाहा. पण नेहमीसारखे मधले चेहरे पाहू नका. कडा पाहा. एखाद्या फोटोत आजीच्या खांद्यावर कुणाचा तरी हात दिसेल, पण हात ज्याचा आहे तो माणूस दिसणार नाही. एखाद्या फोटोत नुसता लुगड्याचा काठ दिसेल, नेसणारी बाई दिसणार नाही. तीन बाजूंची पांढरी कड सरळ आणि चौथ्या बाजूला कातरीची वाकडी रेघ! फ्रेममध्ये बसत नव्हता म्हणून, अर्जावर चिकटवायचा होता म्हणून, नाही तर घरात भांडण झाले म्हणून कुणी तरी कधी तरी तो फोटो कापलेला असतो.

आता कातरीची गरज उरलेली नाही. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे आणि प्रत्येक मोबाइलमध्ये 'क्रॉप' नावाची सोय आहे. बोटाने कोपरा आत ओढला की फोटोचा नको तो भाग गेला! शाळेत जाणारे पोरही हे करते. पण ही गोष्ट जितकी सोपी तितकीच तिची ताकद मोठी आहे. नुसत्या कापण्याने सामान्य फोटो जगप्रसिद्ध झाला आहे. नुसत्या कापण्याने खरा फोटो खोटे बोलू लागला आहे. आणि नुसत्या कापण्याने हजर असलेला माणूस गैरहजर ठरला आहे. म्हणून हे काम जरा समजून घेऊ या.

कापणे म्हणजे निवडणे

पूर्वी स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत एन्लार्जर नावाचे यंत्र असायचे. वर निगेटिव्ह, खाली फोटोचा कागद. निगेटिव्हमधून प्रकाश खालच्या कागदावर पडायचा. यंत्राचे डोके वर सरकवले की चित्र मोठे व्हायचे आणि कडेचा भाग कागदाच्या बाहेर जायचा. लग्नातल्या दहा माणसांच्या फोटोतून एकट्या आजोबांचा फोटो निघायचा तो असा. वर्तमानपत्राच्या कचेरीत फोटोच्या कडेला पेन्सिलीने खुणा करून 'एवढाच भाग घ्या' असे सांगितले जायचे. जागा थोडी, ब्लॉकचा खर्च वेगळा. तेव्हा नको तो भाग गाळण्याशिवाय इलाज नसायचा.

या दोन्ही पद्धतींत एक गोष्ट चांगली होती. निगेटिव्ह शाबूत राहायची. आज एकट्या आजोबांचा फोटो काढला तरी उद्या दहाच्या दहा माणसांचा पुन्हा काढता यायचा. घरातली कातरी मात्र तशी नाही. निगेटिव्ह हरवलेली असेल आणि हातातला फोटो एकुलता एक असेल, तर जे कापले ते कायमचे गेले.

तर पहिली गोष्ट ही ध्यानात घ्या: कापणे म्हणजे निवडणे. काय ठेवायचे हे ठरवताना काय आणि कोण जाणार, हेही आपणच ठरवत असतो.

कापल्याने चित्र उजळते

कापणे वाईट, असे मला मुळीच म्हणायचे नाही. चे गेव्हारा यांचा तो प्रसिद्ध फोटो आपण सर्वांनी पाहिला आहे. तारा लावलेली टोपी, वाऱ्यावर उडणारे केस, दूर लागलेली नजर. टी-शर्टावर, पोस्टरवर, भिंतीवर तो जगभर दिसतो. तो काढला क्यूबाचे छायाचित्रकार अल्बेर्तो कोर्दा यांनी. तारीख ५ मार्च १९६०, ठिकाण हवाना. आदल्या दिवशी बंदरात 'ला कूब्र' नावाच्या जहाजाचा स्फोट होऊन माणसे मेली होती, त्यांच्या शोकसभेतला हा क्षण.

मूळ फोटो आडवा आहे. त्यात चे एकटे नाहीत. एका कडेला दुसऱ्या माणसाचा चेहरा बाजूने दिसतो आणि दुसऱ्या कडेला झाडाची पाने लोंबतात. कोर्दांनी तो माणूस काढला, ती पाने काढली आणि आडव्या फोटोचा उभा फोटो केला. तेवढ्याने काय झाले पाहा! सभा गेली, बंदर गेले, तो दिवस गेला. उरला फक्त एक चेहरा आणि मागे मोकळे आभाळ. ज्या वर्तमानपत्रासाठी ते काम करत होते, त्याने त्या वेळी हा फोटो छापलाच नाही. कोर्दांनी तो आपल्या स्टुडिओच्या भिंतीवर लावून ठेवला. १९६७ साली इटलीतले प्रकाशक फेल्ट्रिनेली यांना त्यांनी त्याच्या प्रती दिल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात चे मारले गेले आणि तो फोटो पोस्टर होऊन जगभर गेला. एका सभेतल्या एका माणसाचा तो फोटो एका चळवळीची खूण झाला. पण त्याच कापणीत शेजारचा माणूस मात्र जगाच्या नजरेतून गेला, हेही खरे.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. आर्नल्ड न्यूमन नावाच्या छायाचित्रकारांनी १९४६ साली थोर संगीतकार इगोर स्ट्राविन्स्की यांचा फोटो काढला. शेजारी मोठा पियानो, त्याचे झाकण उघडून वर केलेले. मूळ निगेटिव्हमध्ये खोलीचा बराच भाग आला आहे. न्यूमन यांनी तो असा कापला की संगीतकार कोपऱ्यात लहानसे दिसतात आणि काळेभोर झाकण जवळजवळ सगळी जागा घेते. ते झाकण संगीताच्या लिपीतल्या एखाद्या खुणेसारखे वाटते. म्हणजे माणूस लहान झाला, पण त्याचे काम मोठे दिसले. ज्या मासिकासाठी फोटो काढला होता, त्याने तो नाकारला. पुढे तोच न्यूमन यांच्या सर्वांत नावाजलेल्या फोटोंपैकी एक ठरला. यातून शिकण्यासारखे एवढेच की चेहरा मधोमध आणि मोठा केला म्हणजेच फोटो चांगला होतो, असे नाही.

तिसरे उदाहरण कापण्याच्या विरोधात असलेल्या माणसाचे. फ्रान्सचे हेन्री कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये भारतात होते आणि गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो त्यांनी काढले होते. फोटो कापायचा नाही, काय ठेवायचे ते बटण दाबतानाच ठरवायचे, हा त्यांचा शिरस्ता. पण पॅरिसच्या एका स्टेशनामागे १९३२ साली काढलेला, साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा प्रसिद्ध फोटो मात्र कापलेला आहे. कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून तो काढला होता आणि एका बाजूला फळी आडवी आली होती. ती फळी कापावीच लागली. नियम पाळणाऱ्यालाही फळी काढावी लागते. तेव्हा कामात आडवी येणारी फळी खुशाल कापा. फक्त ती फळीच आहे, माणूस नाही, याची खात्री करून घ्या.

कापल्याने अर्थ फिरतो

आता दुसरी बाजू. मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला, त्या वेळी 'असोसिएटेड प्रेस' या वृत्तसंस्थेचा एक फोटो प्रसिद्ध झाला. मध्ये पकडलेला इराकी सैनिक. एका बाजूला अमेरिकन सैनिक त्याला पाणी पाजतो आहे. दुसऱ्या बाजूने त्याच्या डोक्याजवळ बंदुकीची नळी आलेली आहे. अर्धा भाग कापून फक्त पाणी ठेवले, तर वाटते, केवढी ही माणुसकी! दुसरा अर्धा कापून फक्त बंदूक ठेवली, तर वाटते, केवढी ही क्रूरता! पूर्ण फोटोत दोन्ही आहेत, कारण त्या जागी दोन्ही होते. म्हणूनच पत्रकारिता शिकवताना हा फोटो तीन प्रकारे कापून दाखवतात. इथे कुणी खोटा फोटो बनवलेला नाही. एकही ठिपका रंगवलेला नाही. तरी खऱ्या फोटोचे दोन तुकडे दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात.

आपल्याकडच्या सभांच्या फोटोंचेही असेच. पुढच्या तीन रांगा गच्च भरल्या असतील आणि तेवढ्याच ठेवल्या, तर पन्नास माणसांची सभा पाचशेंची वाटते. उलट, माणसे उठून जेवायला गेल्यावर मागच्या रिकाम्या खुर्च्या ठेवून कापले, तर भरलेली सभा ओस दिसते. मोबाइलवर असा फोटो आला की रागवण्याआधी किंवा हरखून जाण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: या चौकटीच्या बाहेर काय असेल?

कडेला उभी असलेली मुलगी

जानेवारी २०२० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या दाव्होस गावी जगातल्या बड्या मंडळींची परिषद भरली होती. हवामान बदलाच्या प्रश्नावर काम करणाऱ्या पाच तरुणी तिथे गेल्या होत्या. स्वीडनची ग्रेटा थुनबर्ग त्यांत होती आणि युगांडाची व्हनेसा नकाते होती. पाच जणींचा एकत्र फोटो निघाला. चौघी गोऱ्या आणि एक काळी. व्हनेसा सर्वांत कडेला उभी होती. त्याच वृत्तसंस्थेने जो फोटो जगभर पाठवला, त्यात चौघीच दिसल्या. व्हनेसाला कापले होते.

संस्थेने आधी सांगितले की तिच्या मागची इमारत डोळ्यांना खटकत होती आणि छायाचित्रकाराला घाई होती, म्हणून ती बाजू कापली. दुष्ट हेतू नव्हता, असेही सांगितले. समजा, नव्हता. पण परिणाम काय झाला? ज्या आफ्रिका खंडाला दुष्काळाचे आणि पुराचे चटके बसतात, तिथून आलेली एकटी मुलगीच फोटोतून गेली. तिने जाहीरपणे विचारले, मला का कापले? तुम्ही नुसता फोटो पुसला नाही, एक खंडच पुसले, अशा आशयाचे ती बोलली. मग संस्थेच्या प्रमुख संपादकांनी तिची माफी मागितली. पुढे २०२१ साली तिचे पुस्तक निघाले. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ होतो 'आणखी मोठे चित्र'.

बंधू-भगिनींनो, हा प्रसंग परदेशातला असला तरी त्यातले दुःख आपल्याला परके नाही. कडेला कोण उभे असते, याचा जरा विचार करा. ज्याला कुणी 'मध्ये या' म्हणत नाही, तो कडेला उभा असतो. आणि कापताना आधी कड जाते. हेतू काहीही असो, कातरी आपोआप त्याच्याचकडे वळते.

माणसाच्या जागी यंत्र बसवले तरी हे टळत नाही. ट्विटर, म्हणजे आताचे एक्स, लांब फोटो दाखवताना त्यातला महत्त्वाचा भाग यंत्रानेच निवडून कापत असे. २०२० साली लोकांच्या लक्षात आले की काळा आणि गोरा असे दोन चेहरे असतील, तर यंत्र गोऱ्याला निवडते आहे. कंपनीने तपासणी केली आणि मे २०२१ मध्ये निकाल जाहीर केला: गोऱ्यांच्या बाजूने ४ टक्के कल आढळला. आकडा लहान वाटेल, पण कोट्यवधी फोटोंना तो लागू होतो. शेवटी कंपनीने मोबाइलवर फोटो पूर्ण दाखवायला सुरुवात केली आणि कसे कापायचे हे माणसांवर सोपवणे बरे, असे कबूल केले.

राजगृहातला एक फोटो

आता आपल्या सर्वांच्या ओळखीचा एक फोटो घेऊ. फेब्रुवारी १९३४. मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीतले राजगृह. फोटोत चिरंजीव यशवंत आहेत, बाबासाहेब आहेत, माता रमाई आहेत, वहिनी लक्ष्मीबाई आहेत, पुतण्या मुकुंद आहे आणि बाबासाहेबांचा आवडता कुत्रा टॉबीसुद्धा आहे.

हा फोटो मनातल्या मनात कापून पाहा. फक्त बाबासाहेबांना ठेवले, तर भारदस्त एकट्याचा फोटो होतो, कार्यालयात लावण्याजोगा. बाबासाहेब आणि रमाई दोघांना ठेवले, तर पती-पत्नीचा फोटो होतो. आणि पूर्ण ठेवला, तर ते घर दिसते. ज्या माणसाने एवढे ग्रंथ लिहिले, एवढे लढे दिले, तो कुणाचा तरी दीर होता, काका होता, घरात वहिनी आणि पुतण्या होते, पायाशी कुत्रे होते, हे फक्त पूर्ण फोटोच सांगतो. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या. त्यामुळे ते सगळे घर एकत्र दाखवणारा हा फोटो आज केवढा मोलाचा आहे! तीन कापण्या, तीन अर्थ, आणि तिन्ही खरे. एकट्याचा फोटो खुशाल काढून घ्यावा. पण त्यासाठी पूर्ण फोटो मोडू नये.

घरातले मोठे माणूस गेल्यावर

आपल्या वस्तीत फोटो कापण्याची वेळ बहुधा दुःखाच्या दिवशी येते. माणूस जाते आणि फ्रेमसाठी फोटो शोधायला सुरुवात होते. एकट्याचा फोटो नसतो. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांसाठी राबायचे, त्यांना एकटे फोटो काढायला स्टुडिओत नेणार कोण? मग लग्नातला, बारशातला, नाही तर देखाव्यापुढचा घोळक्याचा फोटो पुढे येतो.

विहाराच्या स्मरणिकेचे काम माझ्याकडे असल्यामुळे असे फोटो घेऊन लोक माझ्याकडे येतात. एकदा एक ताई आईचा फोटो घेऊन आल्या. आई गेलेली, फोटो एकच, तोही चार बायकांच्या घोळक्यातला. आईच्या मांडीवर लहान मूल आणि त्या मुलाचा हात थेट आईच्या हनुवटीपर्यंत गेलेला. मूल काढायचे म्हणजे आईचा अर्धा चेहरा खराब करायचा. मी बराच वेळ इकडून तिकडून चौकट लावून पाहिली. ताई शेवटी म्हणाल्या, "राहू द्या की दादा ते पोर. ती मीच हाय." फ्रेम तशीच केली, आई आणि मांडीवरची लेक. भिंतीवर गेलेल्या माणसाचा फोटो एकट्याचाच हवा, असा काही कायदा नाही.

चांगले कसे कापावे

आता कामाच्या गोष्टी सांगतो. मी कॉमर्सचा माणूस, तेव्हा हिशेबही सांगतो.

१) मूळ फोटोला कातरी लावू नका. जुना फोटो काचेतून बाहेर काढा, खिडकीजवळ सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा आणि मोबाइल बरोबर वर, समांतर धरून त्याचा फोटो घ्या. शक्य असेल तर दुकानात स्कॅन करून घ्या. कापायचे ते त्या नकलेवर. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट नक्कल घ्या.

२) आधी पुठ्ठ्याने पाहा. पुठ्ठ्याच्या इंग्रजी एल अक्षरासारख्या दोन पट्ट्या कापा. दोन्ही फोटोवर ठेवून चौकट लहान-मोठी करा, आडवी-उभी करा. कुठे कापले तर काय दिसते ते न कापताच कळते. मुलांनाही यात मजा वाटते.

३) सांध्यावर कापू नका. मनगट, कोपर, गुडघा, घोटा यांवर रेघ आली की माणूस अपंग झाल्यासारखा वाटतो. दोन सांध्यांच्या मध्ये कापा. छातीपर्यंत, कमरेपर्यंत, मांडीपर्यंत. चेहरा फार जवळून घ्यायचा असेल तर डोक्याचा वरचा थोडा भाग गेला तरी चालतो, पण हनुवटी जाऊ देऊ नका.

४) नजरेपुढे जागा ठेवा. माणूस उजवीकडे पाहत असेल तर उजवीकडे थोडी जास्त जागा हवी. नाही तर तो भिंतीला नाक लावून उभा आहे असे वाटते. चालणाऱ्या माणसापुढेही अशीच जागा ठेवा.

५) हातातले काम ठेवा. शिलाई मशीनवर बसलेल्या आईचा चेहराच तेवढा ठेवला, तर ती कुणीही बाई होते. मशीन ठेवले, तर ती आपली आई होते.

६) आकाराचा हिशेब करा. मोबाइलचा फोटो साधारण चारास तीन या मापाचा असतो. दुकानातला छापील फोटो सहा बाय चार इंचाचा. ही दोन मापे जुळत नाहीत. कागद पूर्ण भरायचा तर फोटोच्या उंचीचा नववा हिस्सा वरखाली मिळून कापला जातो. तो यंत्र कापते, आपल्याला विचारत नाही. म्हणून ग्रुप फोटो काढताना वर-खाली जागा सोडा; किंवा दुकानदाराला सांगा, "फोटो कापू नका, पांढरी कड आली तरी चालेल."

७) ठिपक्यांचा हिशेब करा. बारा मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३००० ठिपके. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. तेव्हा या आडव्या फोटोतून पूर्ण उंचीचा उभा तुकडा काढला, २४०० गुणिले ३०००, तरी आठ बाय दहा इंचाची फ्रेम स्वच्छ निघते. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो लहान होतो. त्याची लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांपर्यंत येते. त्यातून तसाच तुकडा काढला तर ९६० गुणिले १२०० ठिपके उरतात, म्हणजे त्याच फ्रेमला इंचाला १२०. फोटो पसरट, धुरकट दिसतो. म्हणून कापायचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा.

८) कापलेला फोटो वेगळा साठवा. बहुतेक मोबाइलमध्ये 'सेव्ह कॉपी' अशी सोय असते. ती वापरा म्हणजे मूळ फोटो तसाच राहतो.

९) गरजेचे ते जरूर कापा. मुलीचा फोटो सर्वांना पाठवताना शाळेचे नाव, घराचा नंबर, मागे भिंतीवर लटकलेली कागदपत्रे दिसत असतील तर तो भाग काढून टाका. इथे कापणे हेच शहाणपण.

आपल्या कार्यक्रमांचे फोटो

शेवटी एक विनंती कार्यकर्त्यांना. १४ एप्रिल असो, धम्मचक्र प्रवर्तन दिन असो, मंडळाचे रक्तदान शिबिर असो, आपण शेकडो फोटो काढतो. स्मरणिकेत नाही तर वर्तमानपत्रात द्यायची वेळ आली की पाहुणे, अध्यक्ष आणि हार तेवढे ठेवतो, बाकीचे कापतो. जागा थोडी असते, हे मला ठाऊक आहे. पण कापण्याआधी कडेला कोण आहे ते पाहा. माइक धरून उभा असलेला पोरगा. सकाळपासून पुलाव शिजवणाऱ्या महिला मंडळाच्या बायका. सतरंज्या घालणारा म्हातारा. पन्नास वर्षांनी पाहुण्यांचे फोटो इतरत्रही सापडतील. या माणसांचा पुरावा मात्र तुमच्याच फोटोच्या कडेला आहे.

म्हणून तीन गोष्टी करा. छापायला कापलेला फोटो द्या, पण विहारात किंवा मंडळात पूर्ण फोटो जपून ठेवा. पूर्ण फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने तारीख, ठिकाण आणि डावीकडून सर्वांची नावे लिहा. स्त्रियांची नुसती 'सौ.' म्हणून नव्हे, त्यांच्या स्वतःच्या नावाने. बॉलपेनने लिहू नका, त्याचा दाब पुढे उमटतो. आणि फोटो कापला की खालच्या ओळीही तपासा. 'डावीकडून तिसरे' असे लिहिलेले असते, डावीकडचा माणूस कापलेला असतो आणि मग एकाचे नाव दुसऱ्याला लागते. अशाने इतिहासात चुका शिरतात.

आपल्या आजे-पणज्यांचे फोटो फारसे नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्याकडे वळलाच नाही. आता कॅमेराही आपला आहे आणि कातरीही आपलीच आहे. फोटो सुंदर करायला ती जरूर चालवा. मात्र तिचे पाते माणसावर येईल तिथे हात थांबवा, त्याचे नाव विचारा आणि मागे लिहून ठेवा.